क्लिपच्या दातांतलं कुंकू

स्क्रीनवर लाल ओळ उमटली. लिहिलेलं जुळत नाही.

तेजस्वीनं ती पुन्हा वाचली. टेबलावर लॅपटॉप उघडा पडला होता आणि त्याच्या आठ पायांच्या चिपवर तिची क्लिप चिमट्यासारखी बसली होती. चिपमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉपला जागं करणारा प्रोग्राम, पुसून झालं होतं, पण त्या जागी सगळ्यांना खुलं असलेलं ओपन सोर्स फर्मवेअर काही नीट उतरलं नव्हतं. आता बटण दाबलं तरी लॅपटॉप ढिम्म हलणार नव्हता.

लॅपटॉपवाला उन्मेष स्टुलावरून उठला. त्याला दीडच्या गाडीनं पुणे गाठायचं होतं. "मॅडम, राहू द्या. जुनंच टाका परत."

"जुन्याची कॉपी काल काढून ठेवलीय. पण ती टाकायची तर ह्याच क्लिपनं."

नवं वायफाय कार्ड परक्या कंपनीचं, म्हणून जुनं फर्मवेअर लॅपटॉप सुरूच होऊ देत नव्हतं. राजारामपुरीतल्या चार दुकानांनी हात वर केले होते. नवरा वारल्यापासून दुकान चालवणारी तेजस्वी तेवढी 'करते की' म्हणाली होती. हा लॅपटॉप मेला, तर तिच्या हातात परत कोण मशीन देणार होतं?

तिनं क्लिप काढून दिव्याखाली धरली. दातांत ओलं कुंकू गच्च बसलं होतं.

आज खंडेनवमी. सकाळीच सासऱ्यांनी, हंबीररावांनी, दुकानातल्या सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावलं होतं. हा मान तिच्याकडे आलाच नव्हता. हंबीररावांनी शिरोलीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथ चालवला होता. हत्यार जिथं काम करतं तिथंच कुंकू लावायचं, ही त्यांची तिथली सवय. लेथला धारेवर, तसं क्लिपला दातांत. माणूस भलताच बारकाईचा.

तिनं स्पिरिट आणि ब्रश घेतला.

"काय करतीस?" नारळ सोलता सोलता हंबीरराव थांबले.

"दात साफ करते, मामा."

"खुळी का काय! पुजलेलं हत्यार हातात घेतलंस, मी बोललो न्हाय. पर कुंकू पुसतीस? आजच्या दिशी?"

"माझं पुसताना कुणी थांबलं नव्हतं, मामा."

उन्मेष रस्त्याकडं बघू लागला. तिचा नवरा गेला त्या दिवशी 'आवरा लौकर' म्हणणारे हंबीररावच होते. तेजस्वीला ते विसरता आलं नव्हतं, आणि त्यांनाही आलं नसावं.

ते उठले. चष्मा चढवला. "दे हिकडं," म्हणाले, आणि त्यांनी स्वतः दात न् दात घासून काढला.

क्लिप पुन्हा बसली. तेजस्वीनं जुनं न टाकता ओपन सोर्सच परत चढवायला घेतलं. आकडे सरकू लागले. सात मिनिटं गेली. मग ओळ आली: जुळलं. तिनं बटण दाबलं, लॅपटॉप जागा झाला, नवं कार्डही दिसलं. उन्मेष 'आभारी आहे' म्हणत रिक्षा गाठायला पळाला.

तेजस्वी खुर्चीत बसली. हंबीररावांनी कुंकवाचा करंडा आणून तिच्यापुढं धरला. त्यांना तिच्याकडं बघवत नव्हतं.

"क्लिपची पूजा ऱ्हायली. तू कर. दुकान तुझं हाय."

तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच वर धरलं. आधी कुठं लावावं, क्लिपला की कपाळाला, तिला कळेना.