धुतलेली अक्षरं

"हे आत्ताच्या आत्ता पुसून टाका," रजिस्ट्रार म्हणाले.

सफाईवाल्या मावशींनी खराटा भिंतीला टेकवला आणि वर पाहिलं. फाटकापासून लायब्ररीपर्यंतची ती कॉलेजची लांबलचक भिंत धुळीनं आणि शेवाळानं काळी पडली होती. त्या काळ्यावर हातभर उंचीची पांढरी अक्षरं उमटली होती : 'आम्ही कोणत्या पाण्यानं लिहिलं? गुरुवारी चार वाजता सभागृहात सांगतो.'

"साहेब, पुसू काय? पुसलंय म्हणून तर दिसतंय."

रजिस्ट्रारांनी अक्षरावर बोट घासून पाहिलं. बोटाला रंग लागला नाही. मग शेजारच्या भिंतीवर घासलं, तर बोट काळं झालं. दरवर्षी पोस्टरांचा डिंक खरवडून घेता घेता त्यांचं डोकं फिरलं होतं आणि म्हणून त्यांनीच फाटकावर पाटी लावली होती : भिंतीवर लिहिण्यास, चिकटवण्यास, रंगवण्यास सक्त मनाई. धुण्यास मनाई करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

हे काम पर्यावरण मंडळाचं होतं, हे शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. मंडळाची सेक्रेटरी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. उंची बेताची, म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. ती ऑफिसात येऊन उभी राहिली आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळी झाली.

लायब्ररीबाहेर पिण्याच्या पाण्याचं मोठं यंत्र होतं. एक पेला शुद्ध पाणी द्यायचं आणि तीन पेले गटारात सोडायचं. ते पाणी पाइप टाकून फरशा पुसायला आणि बागेला वळवावं, एवढीच मंडळाची मागणी होती. प्राचार्य म्हणाल्या होत्या की शंभर मुलं सभेला आली तर विचार करू. मागच्या वर्षी सभेला सात जण आले होते, त्यातले दोघे पंख्याखाली बसायला. या खेपेला गाजावाजा तर करायचा होता, पण कागद नासायचा नव्हता, फ्लेक्सचं प्लास्टिक नको होतं आणि मोबाइलवरचे निरोप कुणी उघडतही नव्हतं. मग रविवारी दुपारी चौघांनी मिळून यंत्राच्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या सहा बादल्या भरल्या, काथ्याचे ब्रश घेतले आणि भिंतीतून अक्षरं घासून काढली.

"म्हणजे तुम्ही लिहिलं नाहीत, असं म्हणायचंय?"

"नाही सर. आम्ही थोडी साफसफाई केली."

रजिस्ट्रारांना हसू येत होतं, पण ते त्यांनी दाबलं. शिस्त ती शिस्त. अक्षरं गुरुवारपर्यंत राहिली तर सभागृह मिळणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. टिकलीचा चेहरा उतरला. पुसलेलं कसं पुसतात हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दाराशी उभ्या मावशींनी मग आपलं मत दिलं. अक्षरं घालवायची तर सगळी भिंत तेवढीच स्वच्छ करावी लागेल, दुसरा इलाज नाही. आणि त्यांना एकटीला तीन मजल्यांच्या फरशा सांभाळून ते करायला महिना लागेल.

"मग ज्यांनी सुरू केलं त्यांनीच संपवायचं," रजिस्ट्रार म्हणाले. "आणि टाकीच्या पाण्याला हात लावायचा नाही."

मंगळवारी सकाळी चौघं भिंतीशी उभी राहिली. यंत्रापासून भिंतीपर्यंत बादल्या येऊ लागल्या. येणारा-जाणारा थांबून विचारी की शिक्षा कसली, आणि टिकली प्रत्येकाला पाण्याची गोष्ट सांगे. दुपारपर्यंत तिचा घसा बसला. तोवर बादल्यांच्या रांगेत तीस मुलं उभी होती. बुधवारी वसतिगृहातली मुलं आपापले कपड्यांचे ब्रश घेऊन आली. रसायनशास्त्राच्या सरांनी बाह्या वर केल्या. खुद्द रजिस्ट्रार दोनदा येऊन पाहून गेले. दुसऱ्या वेळी ते यंत्राच्या नळीशी बराच वेळ उभे राहिले आणि भरलेल्या बादल्या मोजत राहिले. एवढं पाणी रोज जातं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजळली. तिच्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं. गुरुवारी सभागृहात बसायला जागा नव्हती. प्राचार्यांनी डोकी मोजायचा विचार सोडून दिला आणि पाइप टाकायचं तिथंच जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात जिन्याखाली नवा नळ बसला. आजवर मावशी फरशीचं पाणी मागच्या टाकीवरून, अख्खं मैदान ओलांडून आणत. यंत्राची नळी जिन्याकडे वळवा, असं त्यांनीही ऑफिसात दोनदा सांगून पाहिलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं होतं, एवढंच. आता त्या नळाखाली बादली लावून निवांत उभ्या होत्या. टिकली मुद्दाम त्यांना भेटायला आली. आमच्या उद्योगापायी तुम्हाला उगाच साहेबांपुढे उभं राहावं लागलं, असं ती संकोचून म्हणाली.

मावशींनी नळ बंद केला, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि बादली उचलता उचलता हळूच म्हणाल्या, "अगं, मूठभर माती पाण्यात कालवून हात फिरवला असता ना, तर तुमची अक्षरं दोन मिनिटांत गेली असती."