ओळंबा

जूचंद्रच्या खाडीकाठच्या खाजणावर उभ्या राहिलेल्या पोलादी इमारतीत तळमजल्यावरचा, दोन खांबांना जखडणारा तिरका दांडा किंचित वाकला होता. पाया खचला की खांबाआधी दांडाच वाकतो, हे इंजिनिअर अक्षयाला ठाऊक होतं. माती तिनेच तपासली होती. खाजणाच्या चिखलात यंत्र रुतायला लागलं, म्हणून सगळे बोअर तिने जुन्या बांधाच्या टणक मातीत मारले आणि अहवालात साऱ्या जागेचा म्हणून तोच निकाल लिहिला. पायाभरणीच्या पूजेत भूमीची क्षमा मागताना तिने डोळे मिटले, ते लाजेने.

आज म्हाताऱ्या नथूकाका गवंड्यांनी खांबाला दोऱ्याला वजन टांगलेला ओळंबा लावला.

"बाय, खांब कललाय काय गं?"

"नाही काका, मोजणीच्या दुर्बिणीत सरळ दिसतोय."

"मंग हा दोरा तिरका कसा?"

वाऱ्याचं नाव नव्हतं. तरी ओळंबा वीतभर अक्षयाकडे झुकून स्थिर उभा होता.

ती खांबाच्या दुसऱ्या अंगाला गेली. ओळंबा हळूच वळून तिच्याकडे आला. ती जिन्यापाशी सरकली. दोरा तिकडेच ताणला गेला.

काका हसले. "लय जीव दिसतोय तुझ्यावर त्याचा!"

"काका, इथली माती..."

"माती चांगली हाय ना? तू तपासलीस म्हनून तर माझ्या लेकानं इथं घर घेतला."

अक्षयाने मान खाली घातली. "चांगली आहे, काका."

तसा दोरा वर उठत उठत पार आडवा झाला, आणि ओळंब्याचं टोक तिच्या ओठांना टेकून थांबलं.