घोट्यापर्यंतचा सांगाडा

उत्खननात प्राचीन घराच्या चुलीशेजारी पुरलेला म्हाताऱ्याचा सांगाडा निघाला. पावलं मरणानंतर घोट्यापासून तोडलेली. “भूत होऊन परत येईल म्हणून तोडले पाय, दुसरं काय!” सहकारी म्हणाला. हाडांची तज्ज्ञ ब्रश झटकत म्हणाली, “अरे, भीती असती तर गावाबाहेर पुरलं असतं. घरात कशाला? त्यानं सोडून जाऊ नये म्हणून तोडले असतील.” संध्याकाळी ती घरी पोचली तर बाबा दारात अनवाणी उभे. जन्मभर पोस्टमन असलेले बाबा हल्ली रस्ता विसरायचे; दोनदा हरवल्यावर तिनंच त्यांच्या चपला लपवल्या होत्या. “अगं, टपाल वाटायचं राहिलंय. माझ्या चपला दिसल्या का?” तिनं कपाटावरून चपला काढून त्यांच्या पायांत घातल्या. “चला, मीही येते.” बाबा खुलले. “नवीन लागलीस वाटतं पोस्टात? माझ्या मागंच राहा, नाहीतर हरवशील.”