तीन, मग दोन

“बसा ना, बाबांना घेऊन येतो,” मुलगा म्हणाला आणि मोबाइलवर काहीतरी दाबत जिना चढला. वर कुठेतरी बारीकसं टिक झालं.

ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर. ज्यांच्याकडून सगळं शिकली त्यांचीच चौकशी करायला ती आली होती.

कुलूपकाका. नाव टोपण, पण काम चोख. दारांना बसवतात त्या इलेक्ट्रॉनिक कुलपांचं पॅकेज, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, ते सांभाळायचे. एका फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीतला हा चिमुकला तुकडा, पण शाळा, दवाखाने, घरं अशी हजारो दारं त्याच्या भरवशावर बंद राहायची. पगार शून्य, शिव्या भरपूर. ती त्याच प्रणालीच्या सुरक्षा गटात होती, तीही फुकटच. गटात सगळे तिला पहारेकरीण म्हणायचे. इतक्या वर्षांत काकांच्या कामात तिला बोट ठेवायला जागा सापडली नव्हती.

आणि आता हे. काकांच्या नावाने आलेल्या नव्या बदलात तिला एक भोक सापडलं होतं. दाराची मूठ तीनदा दाबायची, जरा थांबायचं, मग दोनदा दाबायची. बस, किल्ली नको की आकडा नको, कुलूप उघडणार. असा कुठलाही बदल आठवडाभर चाचणीत पडून राहतो आणि मग आपोआप सगळ्या दारांत जातो. हा उद्या जाणार होता.

“मुलगाच असणार,” गटातला सहकारी फोनवर म्हणाला होता. “म्हाताऱ्याच्या नावाने दुसराच कोणी लिहितोय. मेल बघ ना त्यांचे! पूर्वी वाचताना कान तापायचे, आणि वर्षभर झालं, कसे गुळमुळीत येतात. काहीही काढून टाकण्याआधी एकदा प्रत्यक्ष बघून ये.”

काका खाली आले. मागे मुलगा, त्याचा हात त्यांच्या खांद्यावर. काकांचे केस मानेवर आले होते आणि चेहऱ्याचा रंग पार उतरला होता.

“ओळखलंत का, काका?”

“पहारेकरीण!” ते हसले. “अजून ओळ न् ओळ वाचतेस?”

“तुम्हीच शिकवलंत.”

“हो ना. तिथेच चुकलं माझं.”

मुलगा मोठ्याने हसला आणि चहा घेऊन आला. माणूस बोलघेवडा होता. “डोळे थकलेत त्यांचे. मेल मीच वाचून दाखवतो, उत्तरंही मीच टाकतो. पण काम मात्र करू देतो हं. तेवढाच विरंगुळा. मी शेजारी बसलेलोच असतो.”

“तुम्हाला कळतं ते?”

“छे हो! सगळं डोक्यावरून जातं. हसतात मला ते.”

हे त्याने जरा घाईनेच सांगितलं असं तिला वाटलं. त्याच्यासमोर भोकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे तिने येतानाच ठरवलं होतं. तिने नुसतंच विचारलं, “काका, तो नवा बदल...”

“राहू दे तो,” काका पटकन म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “उद्यापर्यंत राहू दे. परवा मीच काढतो.”

“हजारो दारं आहेत, काका.”

“माहीत आहे. एकच दिवस, पोरी.”

“कसला बदल?” मुलाने हसतच विचारलं.

“काही नाही रे. जुनी एक चूक राहून गेली होती.”

काकांनी चमचा उचलला आणि तिच्याकडे बघत कपाच्या काठावर हळूच वाजवला. तीनदा. थांबले. मग दोनदा.

म्हणजे मुलगा नाही. काका स्वतःच, आणि तेही जाणूनबुजून! आणि वर तोंड करून तिलाच सामील व्हायला सांगत होते. तिला भयंकर राग आला, आणि रागाहूनही जास्त वाईट वाटलं. चहा तसाच ठेवून ती उठली. मुलगा फाटकापर्यंत पोचवायला आला. काका उंबऱ्याच्या आतच उभे राहिले.

“बाहेर यायला आवडत नाही त्यांना,” मुलगा म्हणाला.

दारापाशी जोड्यांचं कपाट होतं. त्यातले सगळे जोडे एकाच मापाचे होते. तिच्या नजरेला ते पडले, पण तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कोपऱ्यावरच्या बागेत एका बाकावर बसून तिने लॅपटॉप उघडला. भोक बुजवलं, दोनदा तपासलं, पाठवून दिलं. सुरक्षेची दुरुस्ती चाचणीत थांबत नाही. कोणाला न विचारता त्याच तासाला प्रत्येक दारापर्यंत पोचते. हा नियम काकांनीच एके काळी सगळ्या गटाशी भांडून करून घेतला होता. मग तिने काकांचे अधिकार काढून घेतले. ते बटण दाबताना ती चक्क रडली. शेवटी काकांना दोन ओळींचा मेल टाकला आणि घरी गेली. रात्री तिला शांत झोप लागली. केलं ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी वरच्या खोलीत अंगावर कोट चढवला. पायांत घालायला काही नव्हतंच. दाराला कान लावून ते बराच वेळ उभे राहिले. घरात सामसूम होती.

त्यांनी मूठ तीनदा दाबली. थांबले. मग दोनदा.

वर्षभर बाहेरूनच उघडणारं ते दार हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. तीनदा. मग दोनदा.

“बाबा,” दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, मुलाचा आवाज आला. “कालच्या त्या बाईंचा मेल आलाय. सगळी दारं आता पक्की झालीत म्हणे.”