लेकरं आहेत का?

बंगळुरात भाड्याचं घर शोधताना कडेवरची तान्ही कुमुद दिसली, की घरमालक दार लोटून घ्यायचे. म्हणून १९५८ साली दामोदरची रेल्वेच्या नोकरीत श्रीरंगपट्टणला बदली झाली, तेव्हा त्याच्या बायकोने, प्रेमाने, कुमुदला धारवाडला आजीकडेच ठेवलं.

कावेरीच्या घाटाजवळ तुंगाबाई एकट्याच राहायच्या. मागच्या दोन खोल्या दाखवण्याआधी त्यांनी विचारलं, "लेकरं आहेत का?"

"नाही, अक्का," प्रेमा घाईने म्हणाली.

"सरी, ठीक आहे तर," म्हणत त्यांनी किल्ली पुढे केली.

खोटं बोलून मिळवलेल्या घरात मुलीला आणायचं कसं? खरं सांगणं आजचं उद्यावर जात राहिलं. चार वर्षांनी परत बंगळूरची बदली आली, तोवर कुमुद आजीलाच आई म्हणायला लागली होती.

निघताना प्रेमा पाया पडली. तुंगाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढच्या खेपेला लेकरू घेऊन ये गं. जोडपं येणार म्हणून कळलं, तेव्हाच मी माळ्यावरचा पाळणा उतरवून धुऊन ठेवला होता. तू नाही म्हणालीस, मग परत वर टाकला."