कोरं सोडलेलं वाक्य

बातम्यांतली आणि एआयने लिहिलेली वाक्यं वाचायची आणि ज्यात कुणाच्या वंशाबद्दल, रंगाबद्दल आकस दिसेल त्यावर लाल खूण करायची, हे दोघींचं काम. बारा वर्षं त्यात घालवलेल्या बाईंच्या पोटात महिनाभर दुखत होतं. साहेब उठता-बसता नव्या मुलीच्या नजरेचं कौतुक करायचे ना!

आज दोघींच्या याद्या ताडून बघताना बाईंच्या हाती घबाड लागलं. एक वाक्य त्या पोरीने चक्क कोरं सोडलं होतं. बाई कागद नाचवतच साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"बघा तुमची हुशार पोर! 'त्या लोकांतली असूनही मुलगी किती स्वच्छ राहते, किती खरं बोलते!' म्हणजे बाकीचे काय घाणेरडे आणि खोटारडे? आंधळ्यालाही दिसेल हो! कुठल्या मेल्या यंत्राने लिहिलंय कोण जाणे."

साहेबांनी मुलीला बोलावलं. "हे कसं सुटलं तुझ्याकडून?"

मुलगी बाईंकडे न बघता म्हणाली, "सुटलं नाही, सर. यादीत तुम्ही आपल्या ऑफिसच्या वार्तापत्रातली वाक्यंही मिसळली होती ना? माझ्या स्वागताला बाईंनी लिहिलं होतं हे. म्हटलं, एवढं एक राहू दे."