निरोगी रकाना

चाचणीच्या फिल्मवर निरोगी रक्ताच्या रकान्यात पुन्हा काळी पट्टी उमटली होती. अश्लेषाने फिल्म टेबलावर टाकली आणि डोकं धरून बसली.

"सगळी रसायनं बदलली गं, मटिल्डा. सगळं नव्याने केलं. आता काय करू?"

वालीवच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत दोघींची टेबलं शेजारशेजारी, आणि हल्ली मटिल्डाला अश्लेषाकडे बघवत नव्हतं.

काम तसं सरळ होतं. ल्युपस या आजारात शरीर स्वतःवरच उठतं. त्या हल्ल्याचा निरोप पोचवणारं एक प्रथिन अश्लेषाने निवडलं होतं. लग्नघरी दिलेलं पातेलं ओळखू यावं म्हणून नेलपेंटचा ठिपका लावतात ना, तसा त्याला तिने टॅग लावला होता. त्यात रुग्णाच्या रक्ताचा अंश मिसळला की रक्तातली प्रतिपिंडं त्या प्रथिनाला पकडायची, त्याला चिकटलेल्या इतर प्रथिनांसकट ओढून आणायची. मग टॅग शोधला की काळी पट्टी दिसे. निरोगी रक्तात पकडणारं कोणी नसतं, तो रकाना कोराच हवा. तो कोरा नसेल, तर बाकीच्या पट्ट्यांना विचारतो कोण?

बरं, हा आजार अश्लेषाच्या घरातच होता. धाकट्या बहिणीच्या, मीराच्या, दोन्ही किडन्या त्याने खाल्ल्या होत्या. वडील गेलेले, आईला मधुमेह. जुळली ती एकट्या अश्लेषाची किडनी, आणि ऑपरेशन सोमवारी होतं.

"मी महिनोन्‌महिने घरी बसणार," ती म्हणाली. "त्याआधी हे एवढं तरी धड होऊ दे. मीराला काय तोंड दाखवू?"

"निरोगी नमुनाच नासला असेल."

"नासेल कसा? दर वेळी ताजं रक्त घेतलंय."

"तरी या वेळी माझं घे." मटिल्डाने बाही वर सरकवली.

शुक्रवारी नवी फिल्म निघाली. रुग्णांच्या रकान्यांत ठळक पट्ट्या होत्या. निरोगी रकाना स्वच्छ, कोरा. मटिल्डाला इतका आनंद झाला की तिने अश्लेषाला मिठीच मारली.

"सुटलीस बाई. आता बिनघोर जा नि मीराला किडनी दे."

कोऱ्या रकान्याकडे बघत अश्लेषा खुर्चीत बसली.

"काय झालं गं?" मटिल्डाने विचारलं. "आधी कोणाचं रक्त वापरत होतीस?"

"माझं."